बेसबॉल नीट फेकायला शिकायचंय? नाशिकच्या मैदानावर हमखास विचारले जाणारे प्रश्न

सकाळी साडेसहाला पोरं मैदानावर जमतात. त्यांच्यासोबत आईवडील येतात, एखादे आजोबा येतात, आणि ट्रॅकवर चालणारी मंडळी दोन मिनिटं थांबून बघतात. प्रश्न ठरलेले असतात. रोज उभ्या उभ्या दिलेली उत्तरं एकदा लिहून ठेवतो. सगळं उजव्या हाताने फेकणाऱ्याला धरून लिहिलंय. डावखुऱ्यांनी बाजू उलट समजावी.

आमचा मुलगा क्रिकेट खेळतो, बाउंड्रीवरून थेट स्टंप उडवतो. त्याला वेगळं काय शिकायचं?

कमी शिकायचंय, पण थोडं विसरायचंही आहे. क्रिकेटमधली बॉलिंग आणि बेसबॉलमधलं पिचिंग (म्हणजे बॅट्समनकडे बॉल टाकणं; टाकणारा तो पिचर) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॉलिंगला हात सरळ हवा, कोपर १५ अंशांच्या पलीकडे सरळ झालं की अंपायरच्या भुवया वर. बेसबॉलला तसलं बंधन नाही, कोपर वाकवून झटक्यात सोडायचं हाच तर खेळ. त्यामुळे त्याची बॉलिंग इथे कामाची नाही, त्याची फिल्डिंग कामाची आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्रिकेट संघाने माईक यंग या बेसबॉलवाल्या अमेरिकन प्रशिक्षकाकडे फिल्डिंगचं काम दिलं होतं, ते उगाच नव्हे.

बॉलही वेगळा. क्रिकेटचा बॉल साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा, बेसबॉल १४२ ते १४९ ग्रॅमचा. म्हणजे बेसबॉल हलका, पण घेराला किंचित मोठा. क्रिकेटवाली पोरं पहिल्या दिवशी सगळे थ्रो डोक्यावरून घालवतात त्यात या वजनाचाही हात असतो. आठवड्याभरात अंदाज बसतो.

हात तर दणकट आहेत त्याचे. मग बॉल लांब का जात नाही?

कारण तो हातानेच फेकतोय.

ज्यांच्या घरी निफाड, दिंडोरीकडे शेती आहे त्यांनी आजोबांच्या हातात गोफण पाहिली असेल. बाजरीवर पाखरं बसली की आजोबा माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे. त्यांचा हात फार हलायचा नाही. गरगर फिरायची ती दोरी, आणि एक टोक सुटलं की दगड सूं करत बांधापलीकडे. बेसबॉल फेकताना आपला हात म्हणजे ती दोरी आहे. फिरवणारा माणूस खाली आहे: पाय, मांड्या, कंबर.

क्रम असा. मागचा पाय जमीन ढकलतो. पुढचं पाऊल पडतं. कंबर वळते, तिच्यामागून छाती, छातीमागून खांदा, मग कोपर, मग मनगट, आणि सगळ्यात शेवटी दोन बोटांची टोकं. प्रत्येक भाग वळून जरासा थांबतो आणि त्याचा वेग पुढच्याला देतो. पुढचा पाय घट्ट रोवला गेला तर वरचं अंग त्याच्यावरून जोरात पुढे फेकलं जातं. नीरज चोप्राची भालाफेक संथ करून बघा, भाला सुटायच्या क्षणी त्याचा डावा पाय खांबासारखा ताठ असतो. तिथेच धाव थांबते आणि भाल्याला मिळते.

विश्वास बसत नसेल तर एक करा. पोराला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जीव खाऊन फेकायला सांगा. मग तोच बॉल उभं राहून, पाऊल टाकून. बहुतेकांचा बसून फेकलेला बॉल निम्म्या अंतरातच पडतो. हात तोच असतो ना!

बॉल धरायचा कसा? मुठीत?

मुठीत धरलात तर दगड आणि बॉल यात फरक राहिला नाही.

बॉल हातात घ्या आणि शिवण बघा. लाल दोऱ्याचे १०८ दुहेरी टाके असतात, आणि ती शिवण वळत जाऊन एका जागी घोड्याच्या नालेसारखी दिसते. त्या नालेवर पहिलं आणि मधलं बोट आडवं टाका, म्हणजे बोटांची पेरं दोऱ्यावर येतील. दोन बोटांत साधारण एका बोटाची फट. अंगठा बरोबर खाली, मधोमध. अनामिका आणि करंगळी दुमडून बाजूला, नुसती टेकलेली. आता तळहाताकडे बघा: बॉल आणि तळवा यांच्यामध्ये उजेड दिसला पाहिजे. नाही दिसला तर बॉल आत घुसलाय, बोटांकडे काढा.

याला फोर सीम ग्रिप म्हणतात, कारण बॉल फिरताना एका फेरीत चार वेळा शिवण हवेला सामोरी येते. बोटं शेवटी दोऱ्यावरून खाली ओढली जातात, बॉल उलटा फिरत जातो, आणि त्या उलट्या फिरकीमुळे हवा त्याला थोडं उचलून धरते. म्हणून तो सरळ जातो आणि कमी पडतो. नेम हवा असेल तर सुरुवातीची दोन-तीन वर्षं दुसरी ग्रिप शिकायची गरजच नाही.

पकड किती घट्ट? शेजारच्याने बॉल ओढला तर सुटला पाहिजे, पण पडता कामा नये. लहान पोरांचे पंजे छोटे असतात. त्यांनी तीन बोटं वर ठेवली तरी चालतं, मोठी झाली की दोनवर यायचं. पाठीमागे हात नेऊन न बघता शिवण शोधायची सवय टीव्ही बघता बघताही लावता येते. आईने ओरडेपर्यंत.

उभं राहण्यापासून हात खाली येईपर्यंत एकदा सगळं सांगा ना.

ज्याला फेकायचं त्याच्याकडे डावा खांदा करा. तोंड त्याच्याकडे, छाती नाही. उजव्या पायाचा आतला घोटा समोरच्याला दिसला पाहिजे. छाती समोर ठेवून फेकणारा माणूस कंबर वळवणार कुठून? ती आधीच वळून बसलेली असते.

दोन्ही हात छातीपाशी, बॉल ग्लोव्हमध्ये. इथून हात अलग होताना दोन्ही अंगठे जमिनीकडे वळू द्या. ग्लोव्हचा हात समोर जातो, बॉलचा हात खाली, मागे आणि वर. वर आल्यावर बॉल पुढच्याला नाही, मागच्याला दिसला पाहिजे. मी पोरांना सांगतो, मागे कोणी काका उभे आहेत, त्यांना बॉल दाखव. एवढ्या एका वाक्याने जितके हात सुधारलेत तितके माझ्या व्याख्यानाने नाही सुधारले.

हात मागे चालला असतानाच डावं पाऊल समोरच्याच्या दिशेने पडतं. पाऊल पडलं, मगच कंबर वळते. या दोन्हींमध्ये पापणी लवायच्या आतली एक थांब आहे, तेवढ्यात छाती ताणली जाते. ग्लोव्हचा हात आता छातीशी ओढून घ्या. तो मागे भिरकावला तर खांदा वेळेआधी उघडतो. डोकं स्थिर, नजर समोरच्याच्या छातीवर. चेहऱ्याच्या थोडं पुढे बॉल सुटतो. सुटल्यावर हात आपोआप वळून अंगठा खाली जातो, मुद्दाम पिळू नका.

आणि हात तिथे अडवू नका. तो डाव्या गुडघ्याच्या बाहेरपर्यंत जाऊ द्या, पाठ वाकू द्या, उजवा पाय उचलला जाऊन पुढे येऊ द्या. तेवढ्या वेगात सुटलेल्या हाताला ब्रेक लावायचं काम खांद्याच्या मागच्या छोट्या स्नायूंवर येतं. त्यांना थांबायला लांब रस्ता द्या.

कोपर किती वर हवं?

खांद्याच्या रेषेत. खाली लोंबलं की थ्रोचा ढकला होतो आणि आतल्या बाजूला ताण बसतो. कानापाशी घट्ट वाकवलेलं कोपरही नको, डार्ट मारल्यासारखं दिसतं. साइड आर्म, म्हणजे हात बाजूने आणून फेकणारे मोठे खेळाडू टीव्हीवर दिसतात, पण नीट बघा: हात खाली दिसतो कारण त्यांचं अख्खं धड कललेलं असतं. खांद्याची आणि कोपराची रेष तीच असते.

माझा बॉल कधी आकाशात, कधी जमिनीत. नेम कसा सुधारू?

बॉल कुठे गेला ते बघत बसू नका, पाऊल कुठे पडलं ते बघा. आपल्याकडची मैदानं मुरमाची, मातीची. एवढी चांगली वही कुठे मिळणार? समोरच्या माणसापर्यंत चुन्याने किंवा काठीने रेघ ओढा, उजवा पाय तिच्यावर ठेवून फेका आणि डाव्या बुटाचा ठसा तपासा. ठसा रेघेच्या फार डावीकडे असेल तर अंग वेळेआधी उघडतंय, बॉल बहुधा उजवीकडे वर जात असेल. ठसा रेघ ओलांडून उजवीकडे असेल तर कंबर अडलीय आणि सगळं काम हातावर आलंय. ठशात टाच खोल रुतलेली असेल तर तुम्ही पायावर धाडकन आदळताय.

पाऊल बरोबर असूनही बॉल वर जातोय तर तो लवकर सुटतोय. जमिनीत जातोय तर उशिरा. याला औषध म्हणजे अंतर कमी करणं. लोकांना उलटं करायचं असतं, जमत नाही म्हणून अजून लांब जाऊन जोर लावायचा.

घरी सराव करायला जागा नाही. सिडकोत गल्ली केवढी ते तुम्हाला माहीतच आहे.

पाच मीटर पुरतात. टेनिस बॉल घ्या. गल्लीतली पोरं त्याला टेप गुंडाळतात ना, तशीच काळी इलेक्ट्रिकची टेप, पण एकच पट्टा, बॉलच्या पोटावरून गोल. पट्टा दोन बोटांच्या मधोमध येईल असा धरा. उजवा गुडघा जमिनीला टेकवून बसा, डावा पाय पुढे, आणि समोरच्याकडे हळू फेका. बॉल बरोबर उलटा फिरला तर हवेत काळी रेघ उभी आणि स्थिर दिसते. लडबडली तर बोटं बॉलच्या मागून सुटण्याऐवजी बाजूने घसरली. दुसरा कोणी सांगायला नको, बॉलच सांगतो.

भिंतीवर खडूने छातीएवढ्या उंचीला वहीएवढा चौकोन काढूनही चालतं. भिंत स्वतःची असावी. शेजाऱ्यांच्या भिंतीबद्दल मला फोन येऊन गेलेत.

मैदानावर कुठून सुरुवात करायची?

गुडघ्यावर पाच-सहा मीटर, मग उभं राहून दहा, मग पाऊल टाकून पंधरा. पाचपैकी चार थ्रो समोरच्याच्या छाती आणि कमरेच्या मध्ये गेले की तीन पावलं मागे. खऱ्या मैदानात एका बेसवरून (धावताना गाठायचा टप्पा) दुसऱ्यावर अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. पिचर उभा राहतो ६० फूट ६ इंचांवर, १८.४४ मीटर, आपल्या क्रिकेटच्या पिचपेक्षा थोडं जवळ. अमेरिकेत बारा वर्षांपर्यंतच्या पोरांना बेस ६० फुटांवर आणि पिचिंग ४६ फुटांवर देतात. आपणही दहा वर्षांच्या पोराला मोठ्या माणसाच्या अंतरावर उभं करू नये.

दोन रांगा समोरासमोर, आणि सगळ्यांनी आपल्या समोरच्याकडेच फेकायचं. गोल्फ क्लबसारख्या मैदानावर सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, रांगेच्या मागे कोणी नाही हे बघायचं. आणि रांगा उत्तर-दक्षिण लावा. पूर्वेकडे तोंड केलेल्या पोराला सात वाजता बॉल दिसत नाही, फक्त सूर्य दिसतो.

दिवसाला किती थ्रो?

अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल आणि यूएसए बेसबॉल या संस्थांनी मिळून वयाप्रमाणे मर्यादा घातल्या आहेत. त्या सामन्यातल्या पिचिंगच्या आहेत: ७-८ वर्षांना दिवसाला ५०, ९-१० ला ७५, ११-१२ ला ८५, १३ ते १६ ला ९५. आणि तेवढे टाकले की पुढचे दिवस सुट्टी. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा जास्त टाकले तर चार दिवस पिचिंग बंद. वर्षातून चार महिने तरी फेकणंच नको, त्यातले दोन-तीन महिने सलग.

हे आकडे ऐकून आपल्याकडचे पालक म्हणतात, ‘एवढे? आपला तर दीडशे टाकतो.’ अहो, हा पराक्रम नाही. हे आकडे कमाल आहेत, आणि तेही तयार झालेल्या पोरांचे. नवशिक्याने नीट लक्ष देऊन चाळीस थ्रो केले तरी खूप. थकल्यावर पहिल्यांदा पाय आळसतात, मग कोपर खाली येतं, आणि तोच चुकीचा थ्रो अंगात बसतो. एकच पोरगा सकाळी बेसबॉल, संध्याकाळी क्रिकेट अकादमीत बॉलिंग करत असेल तर हिशेब दोन्हींचा मिळून करा. खांदा त्याच्याकडे एकच आहे.

कोपर दुखतंय म्हणतो. सवय होईल का?

होणार नाही. बंद करा.

स्नायू भरून येणं वेगळं, ते दंडात, पाठीत, पोटऱ्यांत होतं आणि दोन दिवसांत जातं. कोपराच्या आतल्या हाडावर बोट ठेवून ‘इथेच’ म्हणून पोर दाखवत असेल, किंवा खांद्याच्या वरच्या टोकाशी दुखत असेल, तर अस्थितज्ज्ञाला दाखवा. वाढत्या वयात हाडांच्या टोकाशी वाढीची कूर्चा असते, ती हाडापेक्षा आणि लिगामेंटपेक्षाही (हाडं एकमेकांना बांधणारा पट्टा) कमजोर. पुन्हा पुन्हा ओढली गेली की ती सुजते, कधी सरकते. वेळेत थांबलं तर बहुतेकदा विश्रांतीने बरं होतं.

माझं सांगतो. नववीत असताना एका स्पर्धेआधी आमच्या सरांनी मला दोन आठवडे रोज थ्रो करायला लावले, आणि खांदा ठणकायला लागल्यावर आयोडेक्स चोळायला सांगितलं. चोळलं. स्पर्धेत पहिल्याच सामन्यात बॉल हातातून सुटला तो माझ्याच पायापाशी. आज पन्नाशीला आलोय, वरच्या फळीवरचा डबा काढताना डावा हात वापरतो.

मोठ्यांच्या कोपराचं लिगामेंट तुटलं तर शस्त्रक्रिया आहे. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या डाव्या कोपरात त्याच्याच उजव्या हातातली कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरी) बसवली, तो परत येऊन १९८९ पर्यंत खेळला. त्यावरून काही हौशी पालक ‘मग काय, ऑपरेशन आहेच’ म्हणतात तेव्हा मला काय बोलावं कळत नाही.

मुलींना हे जमतं का? आमची हात पुढे ढकलल्यासारखं फेकते.

तुमच्या मुलाला डाव्या हाताने फेकायला सांगा. तोही तसंच फेकेल. लहानपणी मुलांनी चिंचा, कैऱ्या पाडल्या, लगोरी फोडली, त्यात हजारो दगड फेकून झाले. मुलीला ‘बाहेर जाऊ नको’ सांगून मग म्हणायचं हिला जमत नाही! तीन महिने द्या. सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग खालून असतं, पण फिल्डरचा थ्रो हाच, वरूनच. तो बॉल मोठा असतो एवढंच.

डावखुरा आहे. बदलू का?

अजिबात नको. शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मधला फिल्डर), दुसरा-तिसरा बेस इथे उजवे लागतात, कारण पहिल्या बेसकडे फेकायला त्यांना कमी वळावं लागतं. कॅचर, म्हणजे बेसबॉलचा विकेटकीपर, तोही बहुधा उजवाच. डावखुऱ्याला पहिला बेस, आउटफिल्ड (बेसच्या पलीकडचं लांबचं मैदान) आणि पिचिंग मोकळं आहे. डावा पिचर सगळ्यांनाच हवा असतो.

कर्व्हबॉल, तो हवेत वळणारा बॉल, कधी शिकवणार?

दाढी आल्यावर विचारा.

बॉलचा वेग मोजायचं ॲप आहे माझ्याकडे…

अमेरिकेतल्या लीगमधला पिचर अरोल्डिस चॅपमनने २०१० मध्ये ताशी १७० किलोमीटरच्या आसपास बॉल टाकला. तुमचं ॲप किती दाखवतं यापेक्षा समोरच्याचा ग्लोव्ह किती हलला ते मोजा.

भारतातून कोणी अमेरिकेत बेसबॉल खेळायला गेलंय का?

रिंकू सिंग आणि दिनेश पटेल. हा रिंकू सिंग क्रिकेटवाला नव्हे, दुसरा, तोही उत्तर प्रदेशचाच. दोघं भालाफेकपटू. २००८ मध्ये फेकण्याच्या एका स्पर्धेतून निवडले गेले आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकन संघाने त्यांच्याशी करार केला. तोपर्यंत त्यांनी बेसबॉल जवळजवळ पाहिलाही नव्हता. पण पाय रोवून कंबर सोडायची हे भाल्याने आधीच शिकवलं होतं.

ग्लोव्ह कुठल्या हातात? आणि कडक आहे, तेल लावू का?

फेकायचा हात मोकळा, ग्लोव्ह दुसऱ्यात. हसू नका, पहिल्या दिवशी निम्मी पोरं उलटा घालतात. लहानांना १० ते ११ इंची पुरतो. मऊ करायला मी माझ्या पहिल्या ग्लोव्हला अर्धी वाटी खोबरेल चोपडलं होतं. तो चामड्याचा राहिला नाही, पाण्यातून काढलेल्या पोळपाट पुसायच्या फडक्यासारखा झाला. चामड्याचं क्रीम अगदी बोटभर लावा, आत बॉल ठेवून दोरीने बांधून रात्रभर ठेवा, आणि रोज झेला. झेलूनच तो मऊ होतो.

माझं वय बेचाळीस. आता शिकलो तर?

या. पहिले दोन आठवडे पंधरा मीटरच्या पुढे जायचं नाही, पोरगा समोर असला तरी.

थंडीत आणि पावसात काय करता?

जानेवारीत नाशिकचा पारा एक आकडी होतो तेव्हा आधी मैदानाला दोन फेऱ्या, हात गोल फिरवणं, कंबर वळवणं. कपाळावर घाम दिसल्याशिवाय बॉल कोणाच्या हातात देत नाही. दोन थ्रोंच्या मध्ये फार वेळ गेला तर जाकीट अंगावर.

पावसात लेदरचा बॉल बाहेर काढूच नका, आत लोकरीच्या धाग्याची गुंडाळी असते, ती पाणी पिते आणि बॉल जड होतो. जड बॉलने शिकलेला हात महिनाभर चुकतो. रबरी कव्हरचे सरावाचे बॉल मिळतात ते वापरा. चुकून भिजलाच तर कोरड्या फडक्याने पुसून पंख्याखाली ठेवा, दोन दिवस. गॅसजवळ किंवा उन्हात ठेवलात तर चामडं आक्रसतं आणि टाके उसवतात.